हर्णैच्या वाट्याचं वादळ

हिर्मा बेटावर समुद्र चढला त्या दुपारी डॉ. हर्षाली चोगले हर्णैला भावाच्या घरी सुरमईचं कालवण आणि भात जेवत होती.

आठवड्याभरापूर्वीपर्यंत गावात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, मासेमारीचा ऐन हंगाम, आणि ‘शर्वरी’ नावाचं चक्रीवादळ थेट दापोलीच्या किनाऱ्याचा रोख धरून येत होतं. होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधल्या होत्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोराबाळांना वर दापोलीच्या शाळांमध्ये हलवलं होतं. हर्षाली पुण्याहून गाडी घेऊन भावाच्या कुटुंबाला न्यायला आली होती आणि तिचा थोरला भाऊ जयेश घर सोडायला तयार नव्हता. मच्छिमार सोसायटीचा चेअरमन आधी पळाला असं लोक म्हणतील, हे त्याचं म्हणणं. दोघांची त्यावरून कडाक्याची वादावादी झाली. आणि मग वादळाचा जोर ओसरला, ते पश्चिमेकडे वळलं आणि लख्ख ऊन पडलं.

बंदरावर पोरांनी दिवाळीतले उरलेले फटाके लावले. कुणीतरी वादळाखालचा समुद्र गार करणाऱ्या शीतनौकांचा फोटो मोठा छापून आणला, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये टांगला आणि त्याला झेंडूचा हार घातला.

“तुमच्या शास्त्रानं वाचवलं गो आम्हाला,” जयेश तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढत म्हणाला.

“मी नाही दादा. मंडळानं.”

“मंडळाची सल्लागार कोण? माझी बहीण. मग?”

हर्षालीला ते ऐकायला बरं वाटलं. अरबी समुद्राभोवतीच्या काही देशांनी मिळून वादळ-नियंत्रण मंडळ स्थापन केलं होतं आणि गेली तीन वर्षं ती त्याचं गणित तपासून देत होती. हात धुऊन तिने फोन पाहिला तेव्हा पहिली बातमी दिसली. दुबळं झालेलं शर्वरी पश्चिमेकडच्या उबदार पाण्यावर पुन्हा ताकद धरून उठलं होतं आणि आफ्रिकेच्या बाजूच्या हिर्मा या छोट्या द्वीपराष्ट्रावर जाऊन आदळलं होतं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी त्या देशाची वस्ती. फोटोत नारळाची झाडं होती, त्यांना शेंडे नव्हते.

हिर्मामध्ये तिची एकच मैत्रीण होती. झाहिया सालेमी. वकील. हर्षालीने फोन लावायला नंबर काढला, पण बाहेर अजूनही फटाके वाजत होते. ते झाहियाला फोनवर ऐकू जातील, असं मनात आलं. तिने फोन न करता चार शब्दांचा मेसेज टाकला. सगळे ठीक आहात ना?

उत्तर यायला बरेच दिवस लागले. “मी मोम्बासात होते म्हणून आहे. बाबा गेले.”

हर्षालीने त्यावर काहीच लिहिलं नाही.

*

शीतनौकांचं तंत्र कुठल्याही शाळकरी मुलाला समजेल इतकं सोपं होतं. चक्रीवादळ जगतं ते समुद्राच्या गरम पाण्यावर. वरचं पाणी तापलेलं असतं, पण थोडं खाली गेलं की गारवा असतो. शीतनौका वादळाच्या वाटेवर आडव्या उभ्या राहतात, भोकं पाडलेले लांबलचक नळ खोल सोडतात आणि त्यांतून दाबाखालची हवा सोडतात. बुडबुडे वर येताना खालचं गार पाणी आपल्याबरोबर ओढून आणतात. समुद्राची कातडी थंड पडते. वादळाची उपासमार होते.

पण उपाशी वादळ मरतंच असं नाही. बलाढ्य वादळ आकाशात खूप उंच चढलेलं असतं, म्हणून त्याला उंचावरचे वारे चालवतात. शर्वरीला ते ईशान्येला, कोकणाकडे ढकलत होते. वादळ दुबळं झालं की ते बुटकं होतं, आणि मग त्याला खालचे वारे चालवायला लागतात. कार्तिकात ते वारे नेमके उलट, नैऋत्येकडे वाहतात. शर्वरी बुटकं झालं आणि खालच्या वाऱ्यांनी त्याला हिर्माच्या दिशेने नेलं.

हे शीतनौकांमुळे झालं की योगायोगाने झालं, हे सांगायची पद्धत जगात ज्या थोड्या लोकांनी घडवली होती, त्यांत हर्षाली होती. त्या पद्धतीला ती ‘जुळी जगं’ म्हणायची. संगणकात त्याच समुद्राची, त्याच आभाळाची हजारो जगं उभी करायची. निम्म्या जगांत माणसाने ती एक कृती केलेली असते, निम्म्यांत केलेली नसते. मग मोजायचं, आपत्ती कुठे जास्त वेळा येते.

याच पद्धतीवर बारा वर्षांपूर्वी हिर्माने मोठ्या औद्योगिक देशांविरुद्ध खटला जिंकला होता. चढत्या समुद्राला तुमचा धूर कारण आहे, असं म्हणणं होतं. तेव्हा झाहिया नवखी वकील होती आणि हर्षाली तिची साक्षीदार. समोरचे नामांकित शास्त्रज्ञ म्हणाले होते, शंभर टक्के खात्री देता येत नाही. हर्षाली साक्षीच्या जागेवरून म्हणाली होती, “ज्याचं घर वाहून गेलं त्याने शंभर टक्के खात्री कुठून आणायची? तुमच्या कृतीने धोका दुपटीहून जास्त वाढला असेल तर जबाबदारी तुमची.” न्यायपीठाने ते मान्य केलं. कायद्याच्या पुस्तकांत ती ‘दुपटीची कसोटी’ म्हणून गेली. आता हिर्माने मंडळाविरुद्ध तीच कसोटी उचलली होती.

मंडळाचे वकील निरंजन रत्नपारखी पुण्याला तिच्या ऑफिसात आले, तेव्हा तिच्याकडे आकडा तयार होता. नळांतून हवा सोडली त्या घटकेपासून जुळी जगं सुरू केली, तर शीतनौकांनी हिर्मावरचा धोका अकरापट केला होता.

रत्नपारखी मूळचे नागपूरचे, स्वभावाने सज्जन. त्यांनी तो आकडा पाहिला आणि बराच वेळ चहाचा कप हातात धरून ठेवला.

“मॅडम, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगणार नाही.”

“मी बोलणारही नाही.”

“एक कायद्याचा प्रश्न विचारतो. मंडळाने नौका हलवायचा निर्णय हवा सोडण्याच्या कितीतरी आधी घेतला. कायद्याच्या नजरेत कृती निर्णयापासून सुरू होते. मग तुमची जुळी जगं तिथून सुरू करायला हवीत ना?”

ते काय विचारताहेत हे हर्षालीला लगेच कळलं. जितक्या मागून सुरुवात करावी तितकी ही जगं आपापली फाकत जातात. निर्णय झाला तेव्हा शर्वरी धड जन्मालाही आलं नव्हतं. तिथून सुरू केलं तर काही जगांत ते ओमानला जाणार, काहींत गुजरातला, काहींत समुद्रातच विरणार. शीतनौकांचा परिणाम त्या पसाऱ्यात हरवून जाणार.

“तसं केलं तर आकडा दुपटीच्या खाली येईल,” ती म्हणाली.

“येईल असं मलाही वाटतं. पण ते चूक असेल का?”

“चूक नाही म्हणता येणार.”

“निकाल आपल्याविरुद्ध गेला तर नौका बंदरात बांधल्या जातील, मॅडम. पुढच्या हंगामात तुमच्या हर्णैसमोर काही नसेल. कोट्यवधी माणसांचा किनारा आहे हा. पलीकडे मूठभर वस्ती.”

मूठभर हा शब्द तिला टोचला. तिने त्यांना तसं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जगं निर्णयाच्या क्षणापासून पुन्हा चालवली. आकडा दीडपटीच्या आसपास आला. अहवालात तो गेला. अकरापटीचा आकडा गेला नाही, कारण तो कुणी विचारला नव्हता.

*

हवामानाच्या तंट्यांसाठीचं न्यायपीठ मोम्बासाला, जुन्या बंदराजवळच्या एका पांढऱ्या इमारतीत भरत असे. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी हर्षाली समुद्राकाठी फिरायला गेली आणि तिथे कठड्यापाशी झाहिया उभी होती. चुकवून निघून जाता आलं असतं. पण झाहियाने तिला पाहिलं होतं.

“ये,” ती म्हणाली. दोघी नेहमी इंग्रजीतच बोलत. “आपण एकमेकींशी बोलू नये असं नियमात आहे. खटल्याबद्दल नको बोलू या.”

दोघींनी टपरीवरून चहा घेतला. हर्षाली म्हणाली, “तुझ्या बाबांचं ऐकून...”

“ते निवाऱ्यात गेले.”

“निवाऱ्यात?”

“मागच्या खटल्याच्या भरपाईतून आम्ही बांधला ना, तो. उंच खांबांवरचा. बाबा शाळामास्तर, ते सगळ्या गल्लीला घेऊन गेले. पाणी तिथवर चढणार नाही अशी त्यांची खात्री होती.”

खांबांची उंची तिच्या आकड्यावरून ठरली होती. शंभर वर्षांतलं सगळ्यात वाईट वादळ आलं तरी पाणी इतकंच चढेल, असं तिने लिहून दिलं होतं. तो हिशोब बरोबर होता. पण तो अशा जगाचा होता, ज्यात हर्णैचं वादळ हर्णैला जात होतं.

“मी तुला दोष देत नाही,” झाहिया म्हणाली. “तेव्हा शीतनौका कुठे होत्या? नियम मोडते आहे, पण मला उद्या तुझ्याकडून एकच हवंय, खरं उत्तर. आमच्याकडे समुद्राच्या तापमानाची नोंद नाही, ती तुमच्या नौकांकडे आहे. आमच्यासाठी जुळी जगं चालवणारं कुणी नाही. म्हणून मी आमचा शास्त्रज्ञ आणलाच नाही. न्यायाधीशांना सांगितलं, समोरच्यांची साक्षीदार पुरे आहे. मी तिला ओळखते.”

हर्षालीने चहा तसाच ठेवला. उद्या लवकर उठायचंय असं काहीतरी सांगून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी रत्नपारखींनी तिला क्रमाने प्रश्न विचारले आणि तिने क्रमाने उत्तरं दिली. मग झाहिया उठली. तिच्या हातात एकही कागद नव्हता.

“डॉ. चोगले, ही सुरुवात निर्णयाच्या क्षणापासून का केली?”

“कायद्याच्या दृष्टीने कृती तिथे सुरू होते.”

“मी शास्त्राच्या दृष्टीने विचारते आहे.”

“शास्त्राच्या दृष्टीने अनेक सुरुवाती शक्य असतात. प्रत्येकीत काही अनिश्चितता राहते. शंभर टक्के खात्री कुठल्याच पद्धतीत देता येत नाही.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे शब्द तिने कुणाच्या तोंडून ऐकले होते. बारा वर्षांपूर्वी ज्या माणसाला तिने भर न्यायपीठात गप्प केलं होतं, त्याचे ते शब्द होते. तिच्या तोंडातून ते सहज बाहेर पडले होते.

“हवा सोडली तेव्हापासून सुरुवात केली, तर काय येतं?”

रत्नपारखी उठून म्हणाले, तो भाग अहवालाच्या कक्षेबाहेर आहे. न्यायाधीशांनी हरकत मान्य करून झाहियाकडे पाहिलं.

“ठीक आहे. मग शेवटचं विचारते. या खटल्यात तुमचं गाव हिर्माच्या जागी असतं, तर तुम्ही सुरुवात इथूनच केली असती?”

हर्षालीला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तो शब्द जिभेवर आला होता. समोर मंडळाच्या देशांचे प्रतिनिधी बसले होते, पाठीमागे रत्नपारखी, आणि या सगळ्यांच्या पलीकडे हर्णै.

“होय,” ती म्हणाली. “इथूनच.”

झाहिया रागावेल असं तिला वाटलं होतं. पण ती रागावली नाही. तिने फक्त नजर खाली वळवली, जणू एखाद्या ओळखीच्या बाईचा पदर चारचौघांत सुटलेला दिसावा आणि आपणच दुसरीकडे पाहावं. “मला आणखी काही विचारायचं नाही,” असं म्हणून ती खाली बसली.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. कार्यकारण सिद्ध होत नाही म्हणून हिर्माचा दावा फेटाळला होता.

*

हर्णैला तिचा सत्कार ठेवला गेला. सोसायटीने शाळेच्या मैदानात मांडव घातला. जयेशने स्वतः फोन करून बोलावलं, आणि तिने दोनदा टाळूनही त्याने ऐकलं नाही. “गावाला आनंद आहे तर तो घे गो. एवढी मोठी झालीस, गावाच्या हातून एक शाल घ्यायला काय झालं?”

सरपंचबाई म्हणाल्या, आपल्या कोळीवाड्याच्या लेकीने जगाच्या कोर्टात आपला किनारा वाचवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल घातली, नारळ दिला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. शाल उकाड्यात अंगाला टोचत होती, पण ती काढावी कशी हे हर्षालीला कळेना. मग माईक तिच्या हातात आला.

तिने आभाराचं बोलायचं ठरवलं होतं. समोर पहिल्या रांगेत बाया बसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या तिला लहानपणापासून ओळखत होत्या. त्यांच्याकडे बघताना तिला आभाराचं वाक्य जुळवता येईना.

“तुम्ही मला ज्यासाठी ही शाल दिलीत, ते मी सांगते,” ती म्हणाली. “शर्वरी आपल्याकडे येत होतं. आपण ते थांबवलं नाही. आपण ते हिर्माकडे ढकललं. तिथे सव्वातीनशे माणसं गेली. आपल्यासारखीच, मासेमारी करणारी. हे मला गणितावरून माहीत होतं आणि मी कोर्टात सांगितलं नाही. मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले.”

मागे कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हणते ती?” पहिल्या रांगेतली एक बाई उठली, लेकराला कडेवर घेतलं आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी काही जण. सरपंचबाईंनी घाईने माईक घेऊन चहाची घोषणा केली.

घरी आल्यावर जयेशने दार लोटलं.

“गावाची लाज काढलीस.”

“माझीच काढली, दादा.”

“तुझी असती तर पुण्यात बसून काढली असतीस. इथे मांडवात कशाला? ती लोकं आता घरी जाऊन काय करणार आहेत? जेवतील का आज?” तो खुर्चीत बसला. “आम्ही कुणाला मारलं? आम्ही इथे होड्या बांधत होतो. आम्हाला कुणी विचारलं?”

“विचारलं असतं तर?”

“काय?”

“तेव्हा तुला विचारलं असतं, दादा, वादळ तिकडे वळवू का, तिकडे पण माणसं आहेत. तर काय म्हणाला असतास?”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. जयेशने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. उत्तर काय आहे हे तिघांनाही समजलं होतं.

“तू जा आता,” शेवटी तो म्हणाला. “कोर्टात जाऊन सांगणारच असशील. सांग. पण मला फोन करू नको.”

ती गेली. पुण्याला पोचल्यावर तिने मंडळाचा राजीनामा दिला आणि अकरापटीचं सगळं गणित, समुद्राच्या नोंदींसकट, न्यायपीठाकडे पाठवलं. रत्नपारखींना आधी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला तो कायद्याचा प्रश्न विचारायला नको होता.” ती म्हणाली, “प्रश्न तुमचा होता. आकडा मी बदलला.”

खटला पुन्हा उघडला गेला. साक्षीच्या जागेवर तिला मुख्य न्यायाधीशांनी स्वतः विचारलं की हे पहिल्या वेळी का सांगितलं नाही. ती म्हणाली, “वाचलेल्या किनाऱ्यावर माझं गाव आहे. मला तो किनारा वाचलेलाच ठेवायचा होता.” यापेक्षा चांगलं कारण तिच्याकडे नव्हतं. वर्तमानपत्रांनी तिला निर्भीड म्हटलं, काहींनी देशद्रोही म्हटलं. दोन्ही वाचताना तिला सारखंच शरमल्यासारखं होई. निर्भीड माणूस आधी गप्प बसत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

न्यायपीठाने मंडळाला दोषी धरलं आणि एक नवा आदेश दिला. दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं समोरासमोर बसून नियम ठरवत नाहीत तोवर एकही शीतनौका नळ सोडणार नाही. वादळ कमजोर करायचं का, कधी, कुणाला आधी कळवून, कुणाला आधी हलवून, हे ज्यांच्यावर ते येणार आहे त्यांनी ठरवायचं. सरकारी अधिकारी असतीलच, पण दर किनाऱ्याने आपली समुद्रावर जगणारी माणसंही पाठवायची.

बाहेरच्या पायऱ्यांवर झाहिया भेटली.

“मी तुझे आभार मानणार नाही,” ती म्हणाली.

“नकोच.”

“त्या बैठकीला गणित समजावणारं कुणीतरी लागेल. दोन्ही बाजूंना चालेल असं. आमच्या लोकांनी तुझं नाव दिलंय.” ती एक पायरी खाली उतरली. “मी दिलं नाही. मी विरोधही केला नाही.”

*

कोकणातून जे तिघे आले, त्यांत जयेश होता. सोसायटीनेच त्याला पाठवलं होतं. मोम्बासाच्या विमानतळावर त्याने हर्षालीला पाहिलं आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. तो भांडायला आला होता. नौका बंद राहिल्या तर आमची गावं कोण वाचवणार, हे ठणकावून सांगायचं त्याने ठरवलं होतं, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पुढचा हंगाम तोंडावर आला होता.

बैठक न्यायपीठाच्या इमारतीत न घेता बंदरावरच्या एका मोठ्या गोदामात घेतली, लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बसून. मराठी जाणणारा दुभाषा ऐनवेळी आला नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी हर्षालीला विचारलं. जयेश मराठीत बोलेल, ती इंग्रजीत सांगेल, झाहिया ते हिर्माच्या भाषेत सांगेल, असं ठरलं.

“चालेल का?” हर्षालीने भावाला विचारलं. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

“दुसरं कोण आहे?” तो म्हणाला.

तो बोलायला उभा राहिला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याने घसा साफ केला. समोर हिर्माकडचा एक म्हातारा बसला होता, वाळलेल्या अंगाचा, हाताच्या नखांत जाळ्याचा रंग बसलेला. जयेशने सुरुवात करण्याआधीच म्हातारा हात वर करून काहीतरी म्हणाला.

झाहियाने ते इंग्रजीत सांगितलं. “हे विचारताहेत, त्यांना आधी एक जाणून घ्यायचंय. यांची सून आणि दोन नातवंडं गेली. ते म्हणतात, वादळ तर पहिल्यांदा तुमच्याकडे होतं. तुमच्याकडे किती नुकसान झालं?”

हर्षालीने म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात टोमणा आहे का, हे ती शोधत होती. नव्हता. तो खरोखरच विचारत होता. एका वादळातली दोन गावं, तर एकमेकांची विचारपूस आधी व्हायला हवी, अशा सरळपणाने.

तिने प्रश्न मराठीत सांगितला.

जयेश उभाच होता. ठरवून आणलेलं भाषण त्याच्या तोंडाशी होतं, ते तिला दिसत होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं, जणू तिने मधे पडून काहीतरी वेगळं सांगावं. मग त्याने टेबलाची कड धरली.

“आमच्याकडे काही झालं नाही,” तो म्हणाला. आणि पुन्हा, हळू आवाजात, “काहीच झालं नाही आमच्याकडे.”

तो खाली बसला. हर्षालीने ते इंग्रजीत सांगितलं. झाहियाने ते आपल्या भाषेत म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने लक्ष देऊन ऐकलं. दोनदा मान हलवली. एक छोटासा शब्द बोलला.

“काय म्हणाला?” जयेशने विचारलं. तो वर बघत नव्हता.

हर्षालीने झाहियाकडे पाहिलं. झाहियाने सांगितलं, आणि मग हर्षालीला ते भावाला सांगावं लागलं.

“बरं झालं, म्हणाले.”